गोपाळ गणेश आगरकर : दुःख, मृत्यू आणि दयाळू ईश्वराचा प्रश्न

मराठी निबंधाच्या इतिहासात गोपाळ गणेश आगरकर यांचे स्थान वादातीत आहे. बुद्धिप्रामाण्यवादी विचारवंत, 'सुधारक'कर्ते संपादक, स्त्रीशिक्षणाचे व संमतिवयाचे पुरस्कर्ते या नात्यांनी त्यांच्या कार्याचा परामर्श वारंवार घेतला गेला आहे. त्यांच्या ईश्वरविषयक भूमिकेचा उल्लेखही प्रत्येक चरित्रकार करतो. परंतु बहुधा तो एका वाक्यात आटोपतो. आगरकर अज्ञेयवादी होते, मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर प्रभाव होता, एवढे सांगितले की चरित्रकार सामाजिक सुधारणेच्या प्रकरणाकडे वळतो. त्यामुळे त्यांचा अज्ञेयवाद हा विलायतेहून आलेल्या पुस्तकांबरोबर आलेला एक माल होता आणि त्यांच्या आयुष्याशी त्याचा संबंध नव्हता, असा समज नकळत रूढ होतो.

प्रस्तुत लेखात आगरकरांचे चरित्र एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. जगात इतके दुःख, इतका अन्याय आणि इतके अकाली मृत्यू असताना, या जगाचा कर्ता सर्वशक्तिमान असून प्रेमळही आहे, असे मानता येईल काय, हा तो प्रश्न होय. आगरकरांनी या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. तथापि त्यांचे निबंध, त्यांनी निवडलेले विषय आणि त्यांनी पत्करलेले आयुष्य यांचा एकत्र विचार केल्यास या प्रश्नाचे एक सुसंगत उत्तर हाती लागते, असे या लेखकास वाटते.

१

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडनजीकच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडला आजोळच्या आधाराने झाले. परंतु पुढील शिक्षणासाठी आधार असा कुठलाच नव्हता. काही काळ कचेरीत उमेदवारी, काही काळ दवाखान्यात कंपौंडरचे काम, शिक्षणाची सोय होईल या आशेने रत्नागिरीपर्यंत केलेली पायपीट आणि तेथे निभाव न लागल्याने पुन्हा कऱ्हाड, असे त्यांच्या कोवळ्या वयाचे चित्र आहे. अखेरीस नातेवाइकांच्या आश्रयाने ते वऱ्हाडात अकोल्यास गेले आणि १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालावयाचा, 'वऱ्हाड समाचार'सारख्या पत्रात लेख लिहून चार पैसे मिळवावयाचे आणि शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवावयाची, हा त्यांचा कॉलेजातील क्रम सर्वपरिचित आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गरिबीतून वर आलेल्या माणसाला स्वतःच्या यशात ईश्वरी कृपेचा हात दिसणे हे मानवी स्वभावाला धरून आहे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक आत्मचरित्रे या कृपेच्या सूत्रात ओवलेली आढळतात. आगरकरांच्या लेखनात हे सूत्र नाही. त्याचबरोबर वाट्यास आलेल्या हालांबद्दल दैवाला वा देवाला दिलेला दोषही नाही. एम.ए.ची परीक्षा पुढे असताना त्यांनी आईला पाठविलेले पत्र मराठी वाचकांस ठाऊक आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी मिळवील आणि दारिद्र्य फिटेल अशी आशा तिने बाळगू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून तो आपला सर्व वेळ लोकहितार्थ खर्च करणार आहे, असा त्या पत्राचा आशय. निर्णयाचे सर्व दायित्व त्यांनी स्वतःकडे घेतले. ईश्वरी आज्ञेचा आधार घेतला नाही. पुढील आयुष्याची ही खूण येथेच दिसते.

२

आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच १८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळ दख्खनवर कोसळला. मुंबई व मद्रास इलाखे आणि म्हैसूर संस्थान मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे या दुष्काळात व त्यामागोमाग आलेल्या साथींत दगावली, असा अंदाज केला जातो. पुणे, सातारा, सोलापूर हे जिल्हे त्यातून सुटले नव्हते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाची माहिती गावोगावाहून गोळा करून सरकारपुढे मांडली, ती याच काळात. दुष्काळ हा पापाचे फळ नसून पाऊस, सारा, धान्याचा व्यापार आणि राज्यकारभार यांचा परिणाम आहे, ही दृष्टी तत्कालीन सुशिक्षितांत रुजू लागली होती. दुःखाचे कारण आकाशात न शोधता जमिनीवर शोधावे, हा धडा या पिढीला पुस्तकांइतकाच या वर्षांनीही दिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुस्तकांचा वाटाही अर्थातच मोठा होता. इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांच्या अभ्यासात मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या विचारांशी आगरकरांचा निकट परिचय झाला. मिल्लचे धर्मविषयक तीन निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झाले. सृष्टीतील क्रौर्य पाहता तिचा कर्ता एक तर सर्वशक्तिमान नसावा, किंवा तो आपण समजतो त्या अर्थी चांगला नसावा, अशी पेचाची मांडणी मिल्लने केली होती. स्पेन्सरने १८६२ च्या 'फर्स्ट प्रिन्सिपल्स' या ग्रंथात जगाच्या आदिकारणाचे स्वरूप मानवी बुद्धीस अज्ञेय असल्याचे प्रतिपादले होते. या दोन भूमिकांतील भेद सूक्ष्म पण महत्त्वाचा आहे. पहिली भूमिका नैतिक स्वरूपाची आहे. तिला दुःख दिसते आणि ती जाब विचारते. दुसरी भूमिका ज्ञानमीमांसेची आहे. ती बुद्धीची मर्यादा ओळखून थांबते. आगरकरांनी आदिकारणाविषयी स्पेन्सरची मर्यादा मान्य केली, पण त्यांच्या लेखनातील आच मिल्लच्या बाजूची आहे. ईश्वर आहे किंवा नाही या वादात ते फार रमत नाहीत. ईश्वराच्या नावावर माणसाला सोसावे लागणारे दुःख समोर आले की मात्र त्यांची लेखणी पेट घेते.

३

आगरकरांच्या भूमिकेचे वेगळेपण कळण्यासाठी त्यांच्या भोवतीची उत्तरे पाहिली पाहिजेत. दुःखाचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नव्हता. त्याचे सर्वांत व्यापक उत्तर म्हणजे कर्मसिद्धांत. या जन्मी जे भोगावे लागते ते पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे मानले की ईश्वरावर निर्दयतेचा आरोप येत नाही. परंतु तो आरोप उलटून दुःखिताच्या माथी बसतो. आठ वर्षांची मुलगी विधवा झाली तर तो तिच्याच पूर्वसंचिताचा दोष ठरतो. तिचे केशवपन, तिचा उपवास, तिचा कोंडमारा हा मग अन्याय राहत नाही, तर एका हिशेबाची वसुली होते. कर्मसिद्धांताची ही सामाजिक बाजू आगरकरांना असह्य झाली.

दुसरे उत्तर भक्तिपरंपरेचे. ते फार वेगळ्या जातीचे आहे. तुकारामांच्या आयुष्यातही १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ आला, घरची माणसे गेली, व्यापार बुडाला. त्या आघातातून त्यांची वाट विठ्ठलाकडे गेली. पण ती भांडत, रुसत, जाब विचारत गेली. भक्तीने दुःखाचे समर्थन केले नाही, दुःखितास बोलण्यासाठी कोणीतरी दिले. एकोणिसाव्या शतकात या भक्तीचे नवे रूप प्रार्थनासमाजाने घडविले. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाच्या न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या धुरीणांनी एकेश्वरी, दयामय, सर्वांचा पिता अशा ईश्वराची कल्पना संतांच्या आधारे मांडली. सामाजिक सुधारणेच्या कार्यात आगरकर आणि रानडे एका बाजूस होते. ईश्वराच्या प्रश्नावर मात्र त्यांचे मार्ग भिन्न होते. रानड्यांना इतिहासाच्या प्रवाहात ईश्वरी योजना दिसे. आगरकरांना तेथे मानवी प्रयत्न, मानवी मूर्खपणा आणि निसर्गाचे नियम एवढेच दिसे.

तिसरे उत्तर जोतीराव फुले यांचे. १८९० साली जोतीरावांचे निधन झाल्यावर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथात त्यांनी निर्मिकाची कल्पना मांडली. निर्मिक सर्वांना समान लेखतो. विषमता ही धूर्तांनी निर्माण केली, असे तेथे प्रतिपादन आहे. म्हणजे जगातील अन्यायातून जोतीरावांनी ईश्वराला मुक्त केले आणि त्याचे दायित्व माणसांच्या एका वर्गावर टाकले. आगरकरांनीही अन्यायाचे दायित्व माणसांवरच टाकले. परंतु त्यासाठी निर्दोष निर्मिकाची आवश्यकता त्यांना भासली नाही.

चौथे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आणि ते सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. १८७४ च्या सुमारास आई-वडिलांचा अन्नावाचून झालेला मृत्यू, १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती यांचे निधन, एवढे मृत्यू पाहिल्यावर रमाबाईंना प्रेमळ ईश्वराचा शोध लागला आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. दुःखाने एकाला ईश्वराकडे नेले, दुसऱ्याला ईश्वराविषयी मौनाकडे. यावरून दुःखाच्या अनुभवातून कोणताही एकच निष्कर्ष अपरिहार्यपणे निघत नाही, हे स्पष्ट होते. विधवांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र हे दोघे जवळजवळ एकाच निष्कर्षाशी येऊन पोहोचले, हेही तितकेच खरे.

४

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. शिक्षण संपवून आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली आणि 'केसरी'चे संपादकत्व आगरकरांकडे आले. पुढच्याच वर्षी दोन आघात झाले. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी जुलैमध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. ज्या तरुण छत्रपतींच्या छळाची वार्ता खरी मानून हे लेख प्रसिद्ध झाले होते, ते चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे मरण पावले.

या तुरुंगवासावर आगरकरांनी लिहिलेले छोटे पुस्तक मराठी कारागृहसाहित्यातील आरंभीच्या पुस्तकांपैकी होय. त्यातील वृत्ती लक्षणीय आहे. स्वतःच्या हालांकडे ते विनोदाने पाहतात. एका कोठडीत दोघा मित्रांचे रात्री-रात्री चालणारे वाद आणि आवाज चढल्यामुळे पहारेकऱ्याने दिलेली समज हा भाग वाचताना आपण तुरुंगात आहोत याचा वाचकाला विसर पडतो. समाजाने काय करावे, सरकारने काय करावे, हे या वादांचे विषय होते. पुढे ज्या मतभेदांनी हे मित्र दुरावले त्यांची बीजे येथेच होती, असे मानले जाते.

याच कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. रंगभूमीवर ते फारसे गाजले नाही. त्या नाटकाची पकड घेतली ती पुढे गोविंद बल्लाळ देवलांचे समकालीन असलेल्या गणपतराव जोशी यांच्या अभिनयाने, आणि तीही आगरकरांच्या संहितेस मुरड घालूनच. परंतु आपल्या दृष्टीने निवडीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या नाटकाचा नायक मृत्यूनंतर काय, या प्रश्नापाशी अडखळतो, ज्यात निरपराध तरुणी वेडी होऊन बुडून मरते, ज्यात कवटी हातात घेऊन मानवी आयुष्याच्या शेवटाचा विचार केला जातो, असे नाटक एका सव्वीस वर्षांच्या कैद्याने मराठीत आणावे, हे केवळ भाषाभ्यासाच्या हौसेचे लक्षण नव्हे. 'हॅम्लेट'मध्ये ईश्वरी योजनेवरील विश्वास आणि तिच्याविषयीची शंका ही दोन्ही शेवटपर्यंत एकमेकांशेजारी नांदतात. भाषांतरकाराला दोन्ही बाजूंना भाषा द्यावी लागते, आणि ती आगरकरांनी प्रामाणिकपणे दिली.

५

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली. सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले, तेव्हा १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. पुढील सुमारे सात वर्षे हे आगरकरांच्या प्रतिभेचे आणि त्यांच्या क्लेशांचेही पर्व होय.

'देवतोत्पत्ति' हा त्यांचा निबंध या पर्वातील ईश्वरविचाराचा गाभा म्हणता येईल. देवतांच्या कल्पना माणसाच्या बौद्धिक अवस्थेप्रमाणे बदलत गेल्या आहेत, भीती, अज्ञान आणि मृतांविषयीचे गूढ यांतून त्यांचा उगम झाला आहे, ही मानवशास्त्रीय विचारसरणी त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवली. स्पेन्सरच्या मतांचा ठसा येथे स्पष्ट आहे. देव माणसाला घडवीत नाही, माणूस देव घडवितो, हे एकदा मान्य केले की देवाच्या निर्दयतेबद्दल तक्रार करण्याचे कारण उरत नाही; देवाच्या नावाने चालणाऱ्या निर्दयतेचा हिशेब मात्र माणसाकडे मागता येतो. आगरकरांच्या विचाराची कूस येथे बदलते. जगातील दुःखाचा दोष कोणाचा, या प्रश्नाऐवजी यांतले किती दुःख टाळता येण्याजोगे आहे, हा प्रश्न ते विचारू लागतात.

हा बदल त्यांच्या मृत्युविषयक लेखनातही आढळतो. अंत्यविधींची मीमांसा करणाऱ्या निबंधात त्यांनी प्रेतसंस्कारांतील निरर्थक कर्मकांडाचा समाचार घेतला. मृत्यू टाळता येत नाही. परंतु मृत्यूच्या प्रसंगी दुःखात बुडालेल्या कुटुंबाला शुद्धाशुद्धतेच्या आणि दानदक्षिणेच्या जाचात टाकणे हे टाळता येण्याजोगे आहे. निसर्गाने दिलेले दुःख आणि समाजाने त्यात घातलेली भर यांतील ही फारकत आगरकरांच्या सर्व सामाजिक निबंधांच्या बुडाशी आहे. पतीचा मृत्यू हे पहिल्या प्रकारचे दुःख. विधवेचे केशवपन, तिचे कुरूपीकरण, तिला पुनर्विवाहाची मनाई हे दुसऱ्या प्रकारचे. कर्मसिद्धांत या दोहोंना एकच नाव देतो, म्हणून आगरकरांना तो खोडून काढावा लागला.

१८९० साली कलकत्त्यास फुलमणी दासी या अल्पवयीन मुलीचा पतीच्या समागमामुळे मृत्यू झाला आणि संमतिवयाच्या कायद्याच्या वादाला धार आली. १८९१ च्या मार्च महिन्यात संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला. या वादात शास्त्रवचनांचे ढीग दोन्ही बाजूंनी रचले गेले. शास्त्रात काय आहे हे पाहण्याआधी त्या मुलीच्या वेदनेकडे पाहावे, ही आगरकरांची भूमिका रानडे-भांडारकरांपेक्षाही वेगळी होती. कारण ते सुधारणेसाठी शास्त्राचा आधार शोधावयास मुळात तयार नव्हते. ज्याला दुःख होते त्याची साक्ष त्यांनी सर्व पोथ्यांहून श्रेष्ठ मानली.

या भूमिकेची किंमत त्यांना मोजावी लागली. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढून ती त्यांच्या घरावरून नेली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. आपली अंत्ययात्रा जिवंतपणी पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. त्यावेळी घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाई होत्या, हे मात्र आपण सांगावयास विसरतो. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. व्रते, पूजा यांवर त्यांची निष्ठा होती, आणि आगरकरांनी त्यांना त्यापासून बळाने परावृत्त केले नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचे तत्त्व त्यांनी घरातही पाळले. परंतु या सहिष्णुतेला आणखी एक बाजू असावी असे वाटते. ज्या बाईने दारिद्र्य, लोकनिंदा आणि पतीचे दीर्घ आजारपण सोसले तिच्याजवळचा आधार हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

६

येथे आगरकरांच्या विचाराच्या मर्यादेचाही निर्देश केला पाहिजे. टाळता येणारे दुःख टाळावे, हे उत्तर समाजाला पुरेसे आहे. शोकाकुल व्यक्तीला ते पुरेसे असतेच असे नाही. मूल गेलेल्या आईला साथीच्या रोगाचे कारण समजावून सांगता येते, पण त्याने तिची रात्र सरत नाही. भक्तीजवळ तिच्यासाठी शब्द होते, गाणे होते, समोर उभा असलेला विठोबा होता. आगरकरांच्या गद्याजवळ तिच्यासाठी न्याय होता, सांत्वन नव्हते. वर्गात हे निबंध शिकविताना विद्यार्थी नेमका हाच आक्षेप घेतात आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही.

यावर आगरकरांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, खोट्या सांत्वनाची किंमत नेहमी सांत्वन मिळणाराच मोजतो असे नाही. पूर्वसंचिताच्या कल्पनेने एखाद्या पित्याचे मन शांत होई. परंतु त्या शांततेची किंमत त्याची विधवा मुलगी मोजत असे. शिवाय जे सांत्वन निबंधाला देता आले नाही त्याच्या जवळपास जाणारे काम त्यांच्या विचारांचे संस्कार घेतलेल्या ललित साहित्याने केले. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूच्या दुःखाचे स्पष्टीकरण कोणी देत नाही. ते फक्त ऐकले जाते. दुःखिताचे शेवटपर्यंत ऐकून घेणे हेही एक प्रकारचे सांत्वन आहे आणि मराठी कादंबरीला ते या काळात साधले.

७

दम्याची व्यथा आगरकरांना पुष्कळ वर्षे जडलेली होती. टिळकांशी झालेला दुरावा मिटला नाही. १८९० च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९२ च्या ऑगस्टमध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे अकाली निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. श्वास लागत असतानाही अध्यापन, प्रशासन आणि 'सुधारक'चे लेखन त्यांनी चालू ठेवले. मृत्यू फार दूर नाही, याची त्यांना जाणीव होती.

अज्ञेयवादी माणसाच्या अखेरच्या दिवसांकडे त्याचे विरोधक नेहमीच विशेष लक्ष ठेवतात. मृत्यू समोर दिसला की हा मनुष्य देवाचे नाव घेईल, अशी त्यांची अपेक्षा असते. आगरकरांनी आपली मते बदलल्याचे दिसत नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीसाठी कोणावर भार पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही हकीकत आजवर त्यांच्या निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून सांगितली गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ अधिक खोल आहे. परलोकाची तरतूद करण्यावर ज्याचा विश्वास नव्हता, त्याने इहलोकातील शेवटचे देणे चुकविण्याची तरतूद केली. मृत्यूचे दुःख त्याला टाळता येत नव्हते. त्यामुळे इतरांस होणारा त्रास मात्र टाळता येत होता, आणि तेवढा त्याने टाळला. निबंधांतून सात वर्षे मांडलेली फारकत येथे स्वतःच्या मरणाला लावलेली दिसते.

त्यांच्या मृत्युलेखाचे काम टिळकांनी केले. तो मजकूर सांगताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असे आठवणींतून नमूद आहे. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजातील त्यांचे सहकारी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली.

८

या सर्व विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, आगरकरांचा अज्ञेयवाद हा केवळ ग्रंथाध्ययनातून आलेला नव्हता. सभोवतालच्या दुःखाला परंपरेने दिलेली उत्तरे त्यांना नैतिक दृष्ट्या अपुरी वाटली, हे त्याचे प्रमुख कारण होते. दुसरा असा की, दुःखाच्या आधारे त्यांनी ईश्वराचे नास्तित्व सिद्ध झाल्याचा दावा केला नाही. दुःखाच्या अस्तित्वामुळे फार तर सर्वशक्तिमान आणि प्रेमळ अशा ईश्वराची कल्पना अडचणीत येते. आदिकारणाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ही तार्किक मर्यादा त्यांनी पाळली, म्हणून त्यांना नास्तिक म्हणण्यापेक्षा अज्ञेयवादी म्हणणेच अधिक यथार्थ ठरते. तिसरा निष्कर्ष असा की, ईश्वर दयाळू आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला असला तरी दयेचा प्रश्न सोडला नाही. जी दया आकाशातून येण्याची खात्री नव्हती ती माणसांनी माणसांना द्यावी, हा त्यांच्या लेखनाचा आग्रह होता.

आगरकरांचे अभ्यासक त्यांच्या निबंधांतील तर्ककठोरतेची प्रशंसा करतात, आणि ती रास्तच आहे. परंतु त्या तर्काच्या मुळाशी असलेली करुणा दृष्टिआड झाली तर तो तर्क कोरडा वाटू लागतो, आणि आगरकर हे पाठ्यपुस्तकातील एक नाव होऊन राहतात. दुःखाचे समर्थन करावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. मराठी निबंधाला आलेले तेज त्या निश्चयाचे आहे.